हँडब्रेक: एक्स्पोर्ट आणि अपलोड यांच्या मधलं काम

हँडब्रेक एकच काम करतं. एक व्हिडिओ फाइल घ्यायची आणि सांगाल त्या मापाची दुसरी बनवून द्यायची. कापाकापी नाही, टायटल नाहीत, रंगकाम नाही. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, फुकट आहे आणि त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे. २००३ मध्ये बीओएस नावाच्या, आता कुणी फारसं न वापरणाऱ्या सिस्टिमसाठी ते सुरू झालं आणि आवृत्तीला १.० हा आकडा लागायला डिसेंबर २०१६ उजाडलं. विंडोजवर त्याला मायक्रोसॉफ्टचा डॉट नेट डेस्कटॉप रनटाइम हा वेगळा सहायक प्रोग्रॅम लागतो. तो नसेल तर प्रोग्रॅम उघडतच नाही आणि नवख्या माणसाला वाटतं की डाउनलोडच बिघडलंय.

डाउनलोड मात्र हँडब्रेक डॉट एफआर या अधिकृत जागेवरूनच करा आणि तिथे दिलेला चेकसम, म्हणजे फाइलच्या अस्सलपणाची खूण असलेला आकडा, ताडून पाहा. मे २०१७ मध्ये त्यांच्या एका मिरर सर्व्हरवर घुसखोरी झाली होती आणि चार-पाच दिवस मॅकच्या आवृत्तीऐवजी प्रोटॉन नावाचं घातक सॉफ्टवेअर लोकांच्या हाती पडत होतं. चेकसम ताडायला अर्धं मिनिटही लागत नाही.

आता मुख्य प्रश्न. ऑनलाइन दाखवायची फाइल बनवायला हे कितपत उपयोगी? फार उपयोगी, पण फाइल कुठे जाणार आहे हे आधी ठरलेलं हवं. कारण ‘ऑनलाइनसाठी व्हिडिओ’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळी कामं येतात. एक, यूट्यूब किंवा व्हिमियोसारख्या सेवेला फाइल द्यायची. अशी सेवा तुमची फाइल प्रेक्षकाला सहसा दाखवतच नाही. तिच्यावरून स्वतःच्या लहानमोठ्या प्रती काढते आणि त्या दाखवते. दोन, फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेवायची आणि वेबपेजवरच्या प्लेअरने तीच फाइल चालवायची. पहिल्या कामात बिटरेट, म्हणजे सेकंदाला खर्च होणारे बिट, वाचवणं ही चूक. दुसऱ्यात तो उधळणं ही चूक.

आणि हँडब्रेक उघडल्यावर आधीच निवडलेला असतो तो ‘फास्ट १०८०पी ३०’ प्रीसेट (तयार सेटिंगचा संच) नेमका या दोन्हींच्या मध्ये लोंबकळतो. त्यात आरएफ (गुणवत्तेचा आकडा, लहान म्हणजे चांगला) २२ आहे, आवाजाला १६० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) आहेत आणि फ्रेम रेटची, म्हणजे सेकंदाला किती चित्रं याची, कमाल ३० आहे. सेवेला द्यायला ही फाइल हलकी पडते, कारण एकदा घट्ट दाबलेल्या चित्रावर सेवा पुन्हा दाब देते आणि पहिल्या दाबात उठलेले चौकोन दुसऱ्यात आणखी ठळक होतात. स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायला हीच फाइल बेभरवशाची, कारण गर्दीच्या किंवा पाण्याच्या दृश्यात तिचा बिटरेट किती उसळेल यावर या कामाच्या दृष्टीने पुरेसा लगाम नाही. शिवाय ५० किंवा ६० फ्रेमनी केलेलं चित्रीकरण दिलंत तर हा प्रीसेट जास्तीच्या फ्रेम गुपचूप गाळतो. खेळाचे किंवा नाचाचे व्हिडिओ ‘का कोण जाणे अडखळतात’ अशी तक्रार असते, तिच्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

एडिटिंगमधून बाहेर काढताना काय काढायचं, तेही इथेच सांगायला हवं. हँडब्रेकला दिलेली फाइल जितकी चांगली, त्याच्या वर काहीही मिळणार नाही. डिस्कवर जागा असेल तर प्रोरेस ४२२ किंवा डीएनएक्सएचआर एचक्यू हे एडिटिंगसाठीचे जड, कमी दाबलेले प्रकार काढा. दोन्ही हँडब्रेक वाचतं. प्रोरेस ४२२ हा १०८०पीला साधारण १४७ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) घेतो, म्हणजे तासाभराच्या फाइलला ६६ जीबी. तेवढी जागा नसेल तर एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या नेहमीच्या पद्धतीतच पण ४० ते ५० एमबीपीएसने काढा. आणि तुमच्या एडिटिंग सॉफ्टवेअरचं स्वतःचं एक्स्पोर्ट चांगलं असेल, फाइल फक्त यूट्यूबला द्यायची असेल आणि तिचं वजन तुम्हाला परवडत असेल, तर मध्ये हँडब्रेक आणूच नका. प्रत्येक जादा एन्कोडने, म्हणजे चित्र पुन्हा दाबून लिहिण्याने, थोडी गुणवत्ता जातेच. हँडब्रेकची खरी किंमत कळते ती फाइल लहानही हवी आणि स्वच्छही हवी तेव्हा, कारण आत बसलेला एक्स२६४ हा एन्कोडर तेवढ्याच बिटरेटमध्ये बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअरच्या जलद एक्स्पोर्टपेक्षा स्वच्छ चित्र देतो.

सेवेला द्यायची फाइल बनवायची असेल तर प्रीसेटच्या यादीत ‘वेब’ गटात ‘क्रिएटर’ नावाचे प्रीसेट आहेत, ७२०पीपासून २१६०पीपर्यंत. ते याच कामासाठी बनवलेले आहेत. तिथून सुरुवात करा. त्यावर हात फिरवायचा तो असा. व्हिडिओच्या टॅबमध्ये एन्कोडर एच.२६४ एक्स२६४, प्रोफाइल हाय, आरएफ १६ ते १८, गती ‘स्लो’. आरएफ म्हणजे बिटरेट नव्हे, गुणवत्तेची पातळी: आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं, आणि सहाने खाली गेलात की फाइल ढोबळमानाने दुप्पट होते. यूट्यूब स्वतः १०८०पीला २४ ते ३० फ्रेमसाठी ८ एमबीपीएस आणि ४८ ते ६० फ्रेमसाठी १२ सुचवतं. ७२०पीला ५ आणि ७.५, ४केला ३५ ते ४५, आणि जास्त फ्रेम असतील तर ५३ ते ६८. हे आकडे लक्ष्य म्हणून घेऊ नका, जमिनीची पातळी म्हणून घ्या. एका जागी बसून बोलणाऱ्या माणसाचं चित्रीकरण आरएफ १७ ला ५ एमबीपीएसमध्येही बसेल, त्यात काही बिघडत नाही. पानांच्या सळसळीला १७ वरच २५ लागतील, तर तेवढे लागू द्या. टू-पास सरासरी बिटरेट (फाइल दोनदा चाळून ठरलेली सरासरी गाठणं) फक्त एकाच प्रसंगी कामाचा: फाइल अमुक एमबीच्या आतच बसली पाहिजे अशी सक्ती असेल तेव्हा.

आवाज एएसी, ४८ किलोहर्ट्झ. स्टीरिओसाठी यूट्यूबची शिफारस ३८४ केबीपीएसची आहे; यादीत त्याच्या सर्वांत जवळचा आकडा घ्या. तासाभराच्या आवाजाला ३८४ ने १७३ एमबी होतात, आठ एमबीपीएसच्या चित्राला ३.६ जीबी. काटकसर करायची ही जागाच नाही.

‘समरी’ टॅबवर काही खुणा असतात, त्यांपैकी दोन महत्त्वाच्या. ‘वेब ऑप्टिमाइज्ड’ ही पहिली. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका, जिला मूव्ह अॅटम म्हणतात, एन्कोड संपल्यावरच पूर्ण होते म्हणून ती साहजिकच शेवटी लिहिली जाते. ही खूण केली की हँडब्रेक ती उचलून सुरुवातीला आणून ठेवतं. अनुक्रमणिका शेवटी राहिली तर ब्राउझरला आधी फाइलच्या टोकाला जाऊन यावं लागतं, आणि सर्व्हर फाइलचा मधला तुकडा द्यायला राजी नसेल तर अख्खी फाइल उतरेपर्यंत पडदा काळाच. प्रत्येक प्रीसेटमध्ये ही खूण असेलच असं धरून चालू नका. दुसरी ‘अलाइन ए/व्ही स्टार्ट’. चित्र आणि आवाज यांची सुरुवात काही मिलिसेकंदांनी मागेपुढे असेल तर एमपी४मध्ये ती तफावत एडिट लिस्ट नावाच्या नोंदीत ठेवायची पद्धत आहे. काही प्लेअर ती नोंद वाचत नाहीत, आणि यूट्यूब तर एडिट लिस्ट असलेली फाइल नकोच म्हणतं. ही खूण असली की हँडब्रेक गरजेप्रमाणे फ्रेम घालून किंवा काढून सुरुवातच जुळवून देतं. ती काढू नका.

फ्रेम रेटबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त फाइली इथे बिघडतात. मोबाइलचं चित्रीकरण आणि ऑनलाइन मीटिंगचं रेकॉर्डिंग यांचा फ्रेम रेट बहुधा बदलता असतो: उजेड कमी झाला की २४, वाढला की ३०, स्क्रीनवर काही हललं नाही तर त्याहूनही कमी. अशी फाइल थेट एडिटिंगमध्ये घेतली तर सुरुवातीला आवाज ओठांशी जुळतो आणि चाळीस मिनिटांनी सेकंदभर पुढेमागे सरकलेला असतो. हँडब्रेकमध्ये फ्रेम रेटच्या आकड्याखाली ‘कॉन्स्टंट’ निवडा आणि आकडाही स्वतः द्या, ३० किंवा २५, ‘सेम अॅज सोर्स’ ठेवू नका. आणि हे एडिटिंगच्या आधी करा, नंतर नव्हे. या आधीच्या फेरीत आरएफ १४ ते १६ ठेवा, म्हणजे पुढच्या कामाला चित्र पुरेसं शिल्लक राहील. शेवटच्या फेरीतही ‘कॉन्स्टंट’च असू द्या.

आता दुसरं काम, आपल्या सर्व्हरवरून चालणारी फाइल. इथे आरएफ २१ ते २३ घ्या, आणि त्याला वरून झाकण लावा. ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ची मोकळी चौकट दिसते, तिच्यात व्हीबीव्ही-मॅक्सरेट=५००० आणि व्हीबीव्ही-बफसाइज=१०००० असं कोलनने जोडून लिहायचं. (चौकटीत ही नावं आणि आकडे अर्थातच रोमन लिपीत, मध्ये मोकळी जागा न सोडता.) याचा अर्थ असा की साध्या दृश्याला आरएफ ठरवेल तेवढेच बिट जातील, पण कितीही अवघड दृश्य आलं तरी बिटरेट ५ एमबीपीएसच्या फार वर टिकणार नाही. प्रेक्षकाचं नेटवर्क ६ एमबीपीएस देत असेल तर चाक फिरत बसणार नाही. नुसत्या आरएफवर सोडलेली फाइल सरासरी ३ एमबीपीएसची दिसते आणि फटाक्यांच्या दृश्याला १८ वर जाऊन अडकते. सरासरी पाहणाऱ्याला दोष कुठे आहे ते सापडत नाही.

त्याच चौकटीत कीफ्रेमचं अंतर द्यायचं. कीफ्रेम म्हणजे स्वतःच्या बळावर उभी असणारी पूर्ण फ्रेम. पुढे उडी मारली की चित्र तिथूनच सुरू होऊ शकतं. हँडब्रेक आपणहून दोन कीफ्रेममध्ये जास्तीत जास्त दहा सेकंदांचं अंतर राहू देतं, म्हणजे ३० फ्रेमला ३००. टीव्हीवर पाहायला ते चालतं, पण वेबवर प्रेक्षक पट्टी पुढेमागे ओढतो तेव्हा प्लेअर चाचपडतो. ३० फ्रेमसाठी कीइंट=६०, २५ साठी ५०, म्हणजे दोन सेकंद. याने फाइल थोडी वाढते, ते मान्य करा. यूट्यूबच्या शिफारशीत हे अंतर फ्रेम रेटच्या निम्मं, म्हणजे अर्धा सेकंद आहे. पण तिथे सेवा सगळं पुन्हा एन्कोड करणारच असते, तेव्हा एक-दोन सेकंदांनी चित्राला काही होत नाही.

‘ट्यून’ या यादीकडे सांभाळून पाहा. कॅमेऱ्याने घेतलेल्याला ‘फिल्म’, सपाट रंगांच्या चित्रपटाला किंवा स्लाइडना ‘अॅनिमेशन’, आणि शंका असेल तर ‘नन’. ‘ग्रेन’ तेव्हाच, जेव्हा फिल्मचा तो दाणेदारपणा तुम्हाला मुद्दाम राखायचा आहे. फाइल झपाट्याने फुगते. ‘फास्ट डिकोड’ हे नाव वेबसाठी योग्य वाटतं आणि लोक हौसेने निवडतात, पण ते कॅबॅक आणि डीब्लॉकिंग (बिट वाचवणारं आणि चौकोन पुसणारं तंत्र) बंद करतं, म्हणजे तेवढ्याच बिटमध्ये चित्र उघडउघड वाईट. ‘झिरो लेटन्सी’ थेट प्रक्षेपणासाठी आहे, तयार फाइलला तिचा काही उपयोग नाही. अंधाऱ्या दृश्यांत भिंतीवर पट्टे उमटत असतील तर चौकटीत एक्यू-मोड=३ घाला; तो बिट काळोख्या भागाकडे वळवतो आणि बराच फरक पडतो. ‘एच.२६४ १०-बिट’ मात्र निवडू नका, पुष्कळ ब्राउझर आणि फोन ते चालवतच नाहीत.

ग्राफिक कार्डाचे एन्कोडर, म्हणजे एनव्हिडियाचा एनव्हीएन्क, इंटेलचा क्यूएसव्ही, मॅकचा व्हिडिओटूलबॉक्स, वेगाने काम उरकतात पण तेवढ्याच गुणवत्तेसाठी जास्त बिट खातात. सेवेला द्यायच्या जड फाइलला ते चालतील. सर्व्हरवर ठेवायच्या फाइलला एक्स२६४ आणि ‘स्लो’. एकदा रात्रभर यंत्र चालू द्या, ती फाइल पुढे हजार वेळा पाहिली जाणार आहे. ‘प्लसीबो’ गतीपर्यंत जाण्यात मात्र अर्थ नाही. आरएफचे आकडे एका एन्कोडरवरून दुसऱ्यावर नेऊ नका. अॅपलच्या चिपवर व्हिडिओटूलबॉक्सची पट्टी तर उलटी आहे, तिथे मोठा आकडा म्हणजे चांगलं चित्र.

१.६ या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०२२ पासून, एव्ही१ ही एच.२६४हून नवी पद्धतही आली आहे. फाइल खरंच लहान होते. पण जुने फोन ते चालवताना तापतात, आणि सफारी ते फक्त त्याच अॅपल उपकरणांवर चालवतं ज्यांच्या चिपमध्येच एव्ही१ची सोय आहे. म्हणून एच.२६४ पहिलं, एव्ही१ जोडीला ठेवा, त्याच्या जागी नको.

चित्राच्या टॅबमधली आपोआप होणारी काटछाट ही या सॉफ्टवेअरची सर्वांत त्रासदायक सवय. काळे पट्टे शोधून ते कापतं, हे चित्रपटांसाठी ठीक. पण गडद पार्श्वभूमीचं स्क्रीन रेकॉर्डिंग किंवा रात्रीचं चित्रीकरण दिलं की कडेचा काळोख त्याला पट्टाच वाटतो आणि १९२०×१०८० ऐवजी १९१६×१०७२ असलं काहीतरी माप हाती येतं. वेबसाठी फाइल बनवताना क्रॉपिंग ‘नन’ करा आणि खाली दिसणारं अंतिम माप नजरेने तपासा. स्क्रीन रेकॉर्डिंगमधली बारीक रंगीत अक्षरं धूसर होणं ही वेगळी गोष्ट. ४:२:० मध्ये रंगाची माहिती निम्म्या रुंदी-उंचीवर साठवली जाते, म्हणून निळ्यावरची लाल अक्षरं पाझरतातच. यूट्यूबसाठी त्यावर चालणारा उपाय म्हणजे ‘अलाउ अपस्केलिंग’ची खूण करून १०८०पी बरोबर दुप्पट, ३८४०×२१६० करून देणं. ४के प्रतीला ते जास्त बिटरेट देतात आणि अक्षरं सुटसुटीत दिसतात.

फिल्टरमध्ये गरजेपुरतंच शिरा. जुन्या कॅसेटवरचं इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींनी रचलेलं) चित्र असेल तर डीइंटरलेस लागतोच: बीडब्ल्यूडीआयएफ निवडा, आणि हालचाल मूळइतकी गुळगुळीत हवी असेल तर त्याचा ‘बॉब’ प्रकार. त्यासोबत फ्रेम रेट ५० कॉन्स्टंट द्यायला विसरू नका, नाहीतर २५ किंवा ३० ची मर्यादा लागून सगळा फायदा जातो. कमी उजेडातल्या खरखरीवर एनएलमीन्स ‘लाइट’ वापरा. खरखर प्रत्येक फ्रेमला नवी असते, तिच्यावर बिट वाया जातात. तो फिल्टर अतिशय संथ आहे. फोनवरचं एचडीआर (उजेड-रंगांची जास्त व्याप्ती असलेलं) चित्रीकरण ८-बिट एच.२६४मध्ये तसंच काढलं तर राखाडी, मेलेलं दिसतं. ‘कलरस्पेस’ फिल्टरमध्ये बीटी.७०९ (नेहमीच्या एचडी व्हिडिओचं रंगमान) निवडलं की रंग जागेवर येतात.

जे यात नाहीच ते आता. चित्र न बदलता नुसता डबा (एमपी४, एमकेव्ही असा फाइलचा प्रकार) बदलणं किंवा फक्त अनुक्रमणिका पुढे आणणं हँडब्रेकला येत नाही. आवाज जसाच्या तसा जाऊ शकतो, चित्र दर वेळी नव्याने एन्कोड होतं. त्या कामाला एफएफएमपेग हा आज्ञा टाइप करून चालवायचा प्रोग्रॅम वापरा, ते काही सेकंदांत होतं आणि गुणवत्ता तसूभरही कमी होत नाही. आवाजाची पातळी एलयूएफएसमध्ये (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाच्या एककात) मोजून जुळवायची सोय नाही, फक्त डेसिबलमध्ये वाढव-कमी कर. ते एडिटिंगमध्येच उरका. आणि एचएलएस किंवा डॅश (नेटच्या वेगाप्रमाणे लहानमोठ्या प्रतींत अदलाबदल करणाऱ्या पद्धती) यांचे तुकडे ते बनवत नाही.

एचएलएससाठी लागणाऱ्या लहानमोठ्या प्रती मात्र त्याच्या रांगेत छान बनतात. १०८०पीला कमाल ५०००, ७२०पीला २८००, ४८०पीला १२००, ३६०पीला ७०० असे चार वेगवेगळे प्रीसेट साठवा आणि एकच फाइल चार वेळा ‘अॅड टू क्यू’ करा. चारही प्रतींत फ्रेम रेट तोच, आवाज तोच १२८ केबीपीएस, आणि चौकटीत कीइंट=६०, मिन-कीइंट=६०, सीनकट=० हे तिन्ही तसेच्या तसे. सीनकट शून्य केला नाही तर एन्कोडर दृश्य बदललं की मध्येच कीफ्रेम टाकतो, ती प्रत्येक प्रतीत वेगळ्या जागी पडते, आणि नेटवर्क मंदावल्यावर प्लेअर १०८०पीवरून ४८०पीवर उतरताना झटका बसतो. मग एफएफएमपेग किंवा शाका पॅकेजरने सहा सेकंदांचे तुकडे करा. अॅपलची शिफारसही सहा सेकंदांच्या तुकड्याची आणि दोन सेकंदांच्या कीफ्रेमची आहे, म्हणजे प्रत्येक तुकड्यात बरोबर तीन कीफ्रेम.

संपूर्ण फाइल एन्कोडला लावण्याआधी ‘रेंज’ सेकंदांवर ठेवून सर्वांत अवघड तीस सेकंद काढून पाहा: धूर, पाणी, गर्दी, अंधार, हळूहळू विझणारं दृश्य. ते तीस सेकंद टिकले तर बाकीचं टिकतंच. नंतर तयार फाइल मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. फ्रेम रेट मोड ‘कॉन्स्टंट’, प्रोफाइल ‘हाय’, क्रोमा ४:२:०, बिट डेप्थ ८, रंग बीटी.७०९, आणि सविस्तर दृश्यात ‘इज स्ट्रीमेबल’समोर ‘येस’. एन्कोडिंग सेटिंगच्या लांबलचक ओळीत तुम्ही दिलेला कीइंट खरंच उतरला आहे का तेही शोधा. नाव लिहिताना एक अक्षर चुकलं तर ती सूचना लागू होत नाही, तरी फाइल मात्र बनून तयार असते. अपलोडनंतर यूट्यूब आधी हलक्या प्रती तयार करतं आणि मोठ्या मागाहून येतात, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत चित्र धूसर दिसलं म्हणून फाइल काढून टाकू नका. प्लेअरच्या दातेरी चाकात सर्वांत वरचा आकडा दिसू लागेपर्यंत थांबा, तो स्वतः निवडा, मग त्याच अवघड तीस सेकंदांवर जा.